वकिलात वेगळी, निहोनजिनकाई वेगळी

जपानी साहेब पुण्यात रुजू झाले की कंपनीतला अ‍ॅडमिनवाला यादीत टिकमार्क करून मोकळा होतो: 'जपानी ऑफिसात नोंद झाली.' कोणत्या ऑफिसात, असं विचारलं की निहोनजिनकाई या जपानी मंडळाचं नाव पुढे येतं. वर्गणी भरली, सभासद झाले, काम झालं! वकिलातीत मात्र साहेबांचं नावच नाही, आणि मंडळाची यादी तिकडे आपोआप जात नाही.

वकिलात म्हणजे सरकार. मुंबईत कम्बाला हिलवर जपानचा महावाणिज्य दूतावास आहे, महाराष्ट्र आणि गोवा त्याच्या हद्दीत येतात. निहोनजिनकाई हे शब्दशः 'जपानी माणसांचं मंडळ'. वर्गणी, कार्यकारिणी, स्नेहसंमेलन, सगळं परगावच्या महाराष्ट्र मंडळासारखं. वकिलातीचं सभासद होता येत नाही आणि मंडळाला एकही सरकारी कागद देता येत नाही. एवढं डोक्यात पक्कं असलं तरी निम्मे हेलपाटे वाचतात.

जपानच्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १६ नुसार परदेशात तीन महिने किंवा अधिक राहणाऱ्या जपानी नागरिकाने तिथल्या वकिलातीला पत्ता कळवायचा असतो. हे 'झाइर्यू तोदोके'. ऑनलाइन भरता येतं, पैसे लागत नाहीत. न भरल्यास दंड नाही, म्हणूनच ते राहून जातं. तीन महिन्यांपेक्षा कमी मुक्कामासाठी 'ताबिरेजी' ही वेगळी नोंद आहे, २०१४ पासूनची. दोन महिन्यांच्या कामासाठी आलेल्या इंजिनिअरचा मुक्काम वाढत वाढत वर्षावर जातो आणि नोंद ताबिरेजीवरच अडकून पडते, हा नेहमीचा घोळ. बदली होऊन बंगळूरला गेलात तर वकिलातही बदलते. मुंबईला 'निघालो' आणि बंगळूरला 'आलो', असं दोन्हीकडे कळवावं लागतं.

खरी अडचण येते ती जपानमधल्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीच्या वेळी. तिकडे अशा कागदावर सहीऐवजी माणसाचा स्वतःचा नोंदणीकृत शिक्का आणि त्याचा नगरपालिकेचा दाखला लागतो. परदेशी जाताना तिथली रहिवासी नोंद काढून टाकली की शिक्क्याची नोंदही रद्द होते. त्याऐवजी वकिलात सहीचा दाखला देते. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात तुमचाच कागद दाखल्याला जोडून मिळतो, दुसऱ्यात दाखला सुटा मिळतो. कोणता हवा ते जपानमधल्या वकिलाला किंवा बँकेला आधीच विचारून घ्यावं. आणि कागद जोडून हवा असेल तर घरी सही अजिबात करू नये. सही अधिकाऱ्यासमोर करायची असते, अंगठ्याचा ठसाही तिथेच द्यायचा असतो. वेळ वाचवायला आधीच सही करून नेलेला कागद कामाचा राहत नाही, जपानहून नवी प्रत मागवावी लागते. दुसऱ्या कोणाला पाठवूनही चालत नाही. फी साधारणपणे रोखीने रुपयांत, आणि ती दर एप्रिलमध्ये बदलते, तेव्हा गेल्या वर्षीच्या आकड्यावर विसंबू नये.

मराठी-जपानी जोडप्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. वडील भारतीय, आई जपानी आणि मूल पुण्यात जन्मलं, तर त्याला जन्मतः भारतीय नागरिकत्व मिळतं. अशा वेळी जपानी जन्मनोंदणीच्या अर्जात 'इतर बाबी'च्या चौकटीत जपानी नागरिकत्व राखून ठेवत असल्याचं सही करून सांगावं लागतं. मुदत तीन महिन्यांची, जन्माचा दिवस धरून. मूल २३ ऑक्टोबरला झालं तर शेवटचा दिवस २२ जानेवारी, २३ नव्हे. मुदत हुकली तर मुलाचं जपानी नागरिकत्व जन्मापासूनच गेलं असं धरलं जातं. ते परत मिळवायला अठरा वर्षांच्या आत जपानमध्ये राहायला जाऊन अर्ज करावा लागतो. महापालिकेचा जन्मदाखला हाती यायला वेळ लागतो, म्हणून बाळंतपणानंतर लगेच त्याच्या मागे लागावं. दाखल्याचा जपानी अनुवादही जोडायचा असतो, तो आईने स्वतः केला तरी चालतो. (भारतात दोन पासपोर्ट चालत नाहीत. त्याचा निर्णय पुढचा, पण नोंद वेळेत झाली नाही तर निर्णय घ्यायला काही उरतच नाही.)

यातलं काहीही निहोनजिनकाई करू शकत नाही. तिचं काम निराळं आणि जुनं आहे. थायलंडची निहोनजिनकाई १९१३ सालची, सिंगापूरची १९१५ ची. सिंगापूरमध्ये हौगांगच्या जपानी दफनभूमीची निगा मंडळच राखतं. शेकडो थडग्यांची ती जागा, त्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या वेश्यावस्तीत आणलेल्या जपानी मुलीही आहेत. बॉन ओदोरी हा पितरांच्या सणातला नाच, मुलांची क्रीडास्पर्धा, जुन्या पुस्तकांचं वाचनालय, शिवाय कोणता दंतवैद्य चांगला आणि तोफू कुठे मिळतो ही माहिती, हे सगळं मंडळात मिळतं. ते कोणत्याही सरकारी संकेतस्थळावर नसतं.

शाळेच्या बाबतीत मात्र दोघांची सरमिसळ होते. जपानी शाळा बहुधा मंडळाच्या किंवा पालक-कंपन्यांच्या आधाराने चालतात, पण सक्तीच्या शिक्षणाच्या वयातल्या मुलांना पाठ्यपुस्तकं जपान सरकार फुकट देतं, तीही वकिलातीमार्फत. म्हणून शाळेच्या फीची तक्रार वकिलातीत नेऊन उपयोग नाही आणि पुस्तकं मंडळाकडे मागूनही नाही.

अटकेच्या प्रसंगी पहिला फोन वकिलातीला. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे, अटक झालेल्याने सांगितलं तर पोलिसांनी वकिलातीला कळवायला हवं. अधिकारी भेटायला येतो, वकिलांची यादी देतो, घरी निरोप पोचवतो. जामीन भरत नाही, रुग्णालयाचं बिलही नाही. पुराच्या किंवा दंगलीच्या वेळी नोंदवलेल्या पत्त्यांवर ई-मेल वकिलात पाठवते, मंडळाचे लोक एकमेकांना फोन करतात. म्हणून दोन्ही याद्यांत नाव हवं.

आणि निघताना दोन्हीकडून कमीही करायला हवं. मंडळात वर्गणी थांबली की नाव गळतं. वकिलातीतली नोंद 'किकोकु तोदोके', म्हणजे मायदेशी परतल्याची सूचना, दिल्याशिवाय तशीच राहते, आणि मग इकडे काही घडलं की योकोहामात सुखरूप बसलेल्या माणसाला वकिलात औंधच्या पत्त्यावर शोधत बसते.