दुधाच्या पिशवीचा आडवा छेद : पार्श्वभूमी

कोल्हापुरात 'सॅम्पल तयार कर' म्हटलं की शिरोलीच्या फाउंड्रीतल्या पोराला पुढचं सांगावं लागत नाही. बिडाचा तुकडा कापायचा, बेकेलाइट या कडक प्लास्टिकच्या गोळीत बसवायचा, पॉलिश पेपरवर घासायचा, नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) लावायचं. मूळ रीत शेफील्डच्या हेन्री सॉर्बीची. १८६३-६४ च्या सुमारास त्यानं पोलाद घासून, आम्लानं कोरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

दुधाच्या पिशवीची पॉलिथिनची पातळ फिल्म, आतले थर बघायला, याच वाटेनं नेली की फसगत होते. मीही केलीय. बेकेलाइटचा प्रेस १५० अंशांच्या आसपास तापतो, पॉलिथिन त्याआधीच वितळतं. गोळी फोडली तर आत नुसता डाग! न तापवता घट्ट होणारं इपॉक्सी रेझिन वापरलं तरी घासताना मऊ फिल्म लिंपली जाते आणि थरांच्या सीमा पुसतात.

म्हणून पॉलिमरवाल्यांनी, म्हणजे प्लास्टिक तपासणाऱ्यांनी, गंडा बांधला तो दुसऱ्या घराण्याचा, जीवशास्त्रज्ञांचा. बाझलच्या विल्हेल्म हिसनं १८६० च्या दशकात मायक्रोटोम (पातळ काप करणारं यंत्र) वापरात आणला; पुढे ऊतक मेणात बसवून कापायची पद्धत रुळली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला मात्र १०० नॅनोमीटरच्या आतले काप लागत, तिथं पोलादी पातं कमी पडलं. १९५० मध्ये लॅटा आणि हार्टमन यांनी फोडलेल्या काचेची कड सुरी म्हणून वापरली. (इतकी साधी गोष्ट, पण सुचायला हवी.) काचेची धार लवकर जाते. थोड्याच वर्षांत व्हेनेझुएलाच्या फर्नांदेझ-मोरान यांनी हिऱ्याची सुरी आणली. काप पाण्यावर तरंगतात आणि रंगावरून जाडी कळते : चंदेरी म्हणजे ६० ते ९० नॅनोमीटर, सोनेरी म्हणजे त्याहून जाड.

तरी पॉलिथिन साध्या तापमानाला कापलं जात नाही, ओढलं जातं. ते शून्याखाली १०० अंशांपलीकडे नेऊन कापावं लागतं, त्यासाठी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. आपल्याकडे त्याचं अप्रूप नाही. कृत्रिम रेतनासाठी जनावरांच्या दवाखान्यात त्याचे कंटेनर असतातच. दुधाला लागतो तोच दुधाच्या पिशवीलाही लागतो.

काप मिळाला तरी थर वेगळे दिसायला हवेत. १९६० च्या दशकात जपानच्या काटो यांनी रबर मिसळलेल्या प्लास्टिकला ऑस्मियम टेट्रॉक्साइडनं रंगवलं. ते रबरातल्या दुहेरी बंधांना धरतं. पॉलिथिनमध्ये असे बंध जवळपास नसतातच, म्हणून त्याला १९८० च्या दशकात पुढे आलेलं रुथेनियम टेट्रॉक्साइड वापरतात. दोन्ही जहाल. डबी उघडायची ती फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात).