काळ्या ब्रामुळं कॅन्सर होत नाही

सोलापुरात ऊन तापायला लागलं की बायकांच्या ग्रुपवर तोच मेसेज, काळी ब्रा घालून उन्हात गेलं किंवा रात्री घट्ट ब्रा घालून झोपलं की ब्रेस्ट कॅन्सर होतो म्हणे. नाही होत ओ! ब्रामुळं अंगात विष साठतं ही थिअरी १९९५ च्या एका अमेरिकन पुस्तकानं पसरवली, २०१४ ला सिएटलच्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या १५०० वर बायकांना विचारून तपासलं, काही संबंध निघाला नाही. नवी पेठेत ४२ डिग्रीत फिरलं तर घामोळं येईल, तेवढंच. धोका वाढतो तो वयानं, दारूनं, पाळी गेल्यावर वाढलेल्या वजनानं, आई-बहिणीला झालेला असला तर. पण बहुतेक पेशंटच्या घरात आधी कुणालाच नसतो, आणि गाठ बऱ्याचदा दुखतच नाही, म्हणून दाखवायला उशीर होतो.