पाऊणशे वर्षांची गल्लत: स्क्रूवर्म माशीची ओळख कशी पटली

1858 साली फ्रेंच गयानातल्या कायेनच्या कैद्यांच्या नाकातून निघालेल्या अळ्यांवरून कोकरेल या फ्रेंच वैद्याने एका माशीचं वर्णन केलं. हीच स्क्रूवर्म माशी, जिच्या अळ्या जिवंत जनावराच्या जखमेत वाढतात. तिचं आजचं शास्त्रीय नाव कॉक्लिओमाया होमिनिव्होरॅक्स. पण तिच्यासारखीच दिसणारी, कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 मध्ये नोंदवलेली मॅसेलेरिया ही माशी आधीच माहीत होती, आणि पुढे दोघी त्या एकाच नावाखाली गेल्या. दोघींचा रंग निळा-हिरवा चकचकीत, दोघींच्या पाठीवर तीन काळे उभे पट्टे.

ही गल्लत अमेरिकेतल्या पशुपालकांना महाग पडली. मॅसेलेरिया मेलेल्या जनावरावर वाढते, जिवंत जखमेत फार तर मागाहून येते. म्हणून मढी जाळा, पुरा, सापळे लावा असा उपाय चालला होता. होमिनिव्होरॅक्सची अळी मात्र जिवंत मांसच खाते. मढी जाळून तिचं काहीच बिघडत नाही.

1933 मध्ये कुशिंग आणि पॅटन या कीटकशास्त्रज्ञांनी नरांची जननेंद्रियं तपासून दोन जाती वेगळ्या काढल्या. त्यांनी दिलेलं ‘अमेरिकाना’ हे नाव टिकलं नाही, कोकरेलचंच नाव परत आलं. पण नेमकी जात हाती आली आणि अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ निप्लिंग यांची वंध्य नर सोडण्याची कल्पना (अशा नराशी जुळलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत) तिच्यावर लागू करता आली: 1954 मध्ये कॅरिबियनमधल्या कुरसाव बेटावर, मग फ्लोरिडात.

पॅटन यांचा भारताशी जुना संबंध. मद्रासजवळच्या गिंडीतल्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये ते होते, आणि आपल्याकडे गुरांच्या जखमेत अळ्या पडतात त्या क्रायसोमाया बेझियानाच्या, हे त्यांनीच 1920च्या दशकात दाखवलं. त्या जातीचं मूळ वर्णन 1914चं, काँगोतल्या नमुन्यावरून.

प्रौढ माशीत आजही त्याच बारीक खुणा बघतात. डोळ्यांलगतच्या पट्टीच्या खालच्या भागात केस काळे असतील तर होमिनिव्होरॅक्स, फिकट असतील तर मॅसेलेरिया. भिंगाखाली प्रकाश तिरका नसेल तर काळा केसही चमकून फिकट वाटतो, तिथेच चूक होते. आपल्याकडे बेझियानाची गफलत होते ती मासळीबाजारातल्या क्रायसोमाया मेगासेफालाशी. पंखाच्या मुळाशी असलेली खालची पाळी बघावी: बेझियानाची मेणासारखी पांढरी, मेगासेफालाची काळपट तपकिरी.

जखमेतून हाती लागते ती मात्र अळीच. डोकं मांसात खुपसून, शेपटाकडची श्वसनरंध्रं वर ठेवून त्या दाटीवाटीने उभ्या असतात. वरून नुसते काळे ठिपके दिसतात. पूर्ण वाढलेल्या होमिनिव्होरॅक्सच्या अळीत शेपटाकडून पुढे जाणाऱ्या दोन श्वासनलिका अंगाच्या दहाव्या-नवव्या वलयापर्यंत काळ्या असतात. बेझियानात हा काळेपणा शेवटच्या, बाराव्या वलयापुरता. डोक्याकडच्या श्वसनरंध्राला होमिनिव्होरॅक्समध्ये बहुधा बोटांसारख्या 7 ते 9 फांद्या, बेझियानात 4 ते 6.

नमुना जखमेच्या अगदी तळातून घ्यावा, वर बहुतेक वेळा मागाहून आलेल्या जातींच्याच अळ्या असतात. अळी जिवंतपणी थेट अल्कोहोलात टाकली तर आक्रसते, काळवंडते, आणि नेमक्या श्वासनलिकाच दिसेनाशा होतात. म्हणून आधी उकळत आलेल्या पाण्यात अर्धा मिनिट, मग 80 टक्के अल्कोहोलात. तरीही नळ्या दिसत नसतील तर अळी चिरून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायची, मांस विरघळतं आणि नळ्या उरतात.