पक्ष्याच्या पायातल्या कड्यात हेरगिरीची चिप नसते

पायात कडं असलेला पक्षी दिसला की 'हा हेर, कड्यात चिप आहे' ही अफवा सुरू होते. मे २०२३मध्ये चेंबूरला असंच एक कबूतर पकडलं गेलं. निघालं तैवानचं, शर्यतीचं. बिचाऱ्याची सुटका व्हायला आठ महिने लागले.

अभ्यासासाठी घालतात ते कडं म्हणजे धातूची हलकी पट्टी. त्यावर क्रमांक आणि संस्थेचा पत्ता. बॅटरी नाही, सिग्नल नाही. जीपीएसचं यंत्र वेगळं असतं, आणि ते मोजक्याच पक्ष्यांना बसवतात.

ब्रिटनमध्ये पक्ष्यांना कडी घालायचं काम १९०९पासून चालू आहे. करणारे बहुतेक स्वयंसेवक, प्रशिक्षण आणि परवाना घेतलेले. हिवाळ्यात ते बारीक जाळी लावतात, पक्षी अलगद सोडवून कापडी पिशवीत ठेवतात. मग पायात कडं घालायचं, पंख मोजायचे, वजन करायचं, फुंकर मारून पोटावरची पिसं बाजूला करायची आणि कातडीखाली चरबी किती ते बघायचं. मला ही फुंकर फार महत्त्वाची वाटते: थंडीची लांबलचक रात्र काढायला त्याच्यापाशी किती शिधा आहे, ते तिथे कळतं. मग लगेच सोडून देतात.

आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या निसर्ग-अभ्यास संस्थेची कडी सापडतात. जिवंत पक्ष्याचं कडं काढू नका. क्रमांकाचा फोटो, ठिकाण आणि तारीख सोसायटीला कळवा.