पशुपालनातील वायू-उत्सर्जन मापनाचे गुणवत्ता नियंत्रण

गोठे, कोंबड्यांच्या शेड आणि शेणखताचे ढीग यांतून निघणारे अमोनिया, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड व धूळ मोजताना आकडे भरवशाचे राहावेत म्हणून पाळायची कार्यपद्धती. यंत्रांचे अंशशोधन (ज्ञात प्रमाणाशी ताडून आकडा बरोबर करणे), नमुन्यांची पडताळणी आणि संशयास्पद आकडे बाद करण्याचे आधीच ठरवलेले निकष हे तिचे मुख्य भाग.

गोठ्याचे उत्सर्जन सहसा हिशेबाने काढावे लागते. बाहेर जाणाऱ्या हवेतील वायूच्या प्रमाणातून आत येणाऱ्या हवेतील प्रमाण वजा करायचे आणि बाकीला हवेच्या प्रवाहाने गुणायचे. त्यामुळे विश्लेषक, म्हणजे वायूचे प्रमाण मोजणारे यंत्र, कितीही अचूक असला तरी प्रवाह चुकला की उत्तर चुकते. पंखे लावलेल्या बंदिस्त शेडमध्ये प्रत्येक पंख्याची नोंद ठेवता येते. विदर्भातला कोठा (गोठा) मात्र बहुधा उघडा असतो. वारा फिरला की हवा आत येण्याची बाजूच बदलते. तिथे जनावरांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडच्या ताळेबंदावरून प्रवाह काढतात, पण आतल्या-बाहेरच्या प्रमाणात फरक थोडा असला की ही पद्धतही डळमळते.

अमोनिया सर्वांत त्रासदायक. तो नळीच्या भिंतींना चिकटतो आणि पाण्यात सहज विरघळतो. पावसाळ्यात नळीत दव जमले तर वायू विश्लेषकापर्यंत पोचण्याआधीच त्यात अडकतो आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून टेफ्लॉनची, उबदार ठेवलेली नळी वापरतात व धूळगाळण्या वेळेवर बदलतात. शुद्ध हवा आणि ज्ञात प्रमाणाचा वायू सोडून यंत्र ठरावीक अंतराने तपासतात. वायू यंत्राच्या तोंडाशी न सोडता नळीच्या गोठ्यातल्या टोकाशी सोडला, तरच नळीतला दोष पकडता येतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. २५ अंशांना १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) अमोनिया म्हणजे घनमीटरमागे सुमारे ०.७० मिलिग्रॅम, ४५ अंशांना तो सुमारे ०.६५ भरतो. तापमानाची दुरुस्ती विसरली, तर एवढ्यानेच उत्सर्जन जवळपास ७ टक्के फुगते.

भारतात २००९च्या राष्ट्रीय मानकांत सभोवतालच्या हवेतील अमोनियाची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरमागे ४०० मायक्रोग्रॅम आहे. ती गोठ्याच्या उत्सर्जनाची मर्यादा नव्हे. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था आणि पशुपालन उद्योग यांच्यातील २००५च्या करारानंतर कोंबड्या, डुकरे व दुभत्या गायींच्या फार्मवर झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात गुणवत्ता आराखडा मोजणीआधीच लिहून घेतला होता. नागपुरात १९५८पासूनची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) आणि २०००मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. या कामाला लागणारी हवेची आणि जनावरांची अशी दोन्ही जाण एकाच शहरात आहे.

गोठ्याची रोजची वही यंत्राइतकीच मोलाची. शेण ओढताना अमोनिया एकदम वाढू शकतो. वेळ लिहिलेली नसेल तर तो खरा आकडा बिघाड समजून खोडला जातो. जनावरे चरायला गेली की कोठ्यातले मिथेन उतरते. किती जनावरे, कोणत्या वजनाची, कुटार (वाळलेला भुसा) खाल्ले की हिरवा चारा आणि कधी परतली, एवढे लिहिलेले असल्यावरच दर जनावरामागचे उत्सर्जन काढता येते.