पेलाभर गार पाणी

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी दाराशी आलेल्या पोस्टमनला, कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना पाणी विचारायचं, हा आमच्या घरचा आजीपासूनचा शिरस्ता. त्यासाठी ती वेगळं भांडं काढत नसे. आम्ही प्यायचो त्याच पेल्यातून द्यायची. त्यातलं महत्त्व मला फार उशिरा कळलं.

आमचं घर ख्रिस्ती. त्या पेल्याचं मूळ बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात आहे. शिष्यांना गावोगाव धाडताना येशू म्हणाला, या लहानांपैकी एकाला शिष्य म्हणून कुणी नुसतं पेलाभर गार पाणी पाजलं, तरी त्याचं प्रतिफळ बुडणार नाही. त्याआधी, सहाव्या अध्यायात, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये अशी ताकीद आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यातला, वाटेत पडलेल्या परक्या जखमीला मदत करणारा चांगला शोमरोनीही मोठं काही करत नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवतो, उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो. म्हणजे दोन दिवसांची मजुरी.

येशूनंतरच्या पहिल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, विधवांना रोजचं अन्न वाटलं जाई, आणि त्यात दुजाभाव होतो म्हणून तक्रारही झाली. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ती नोंदवलेली आहे. लपवली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माच्या विरोधात असलेला रोमन सम्राट जुलियन एका पत्रात चिडून लिहितो, की हे लोक त्यांच्याच नव्हे, आपल्याही गरिबांना पोसतात.

मराठी मुलखात अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. सोलापुरात त्यांचं काम १८६०च्या दशकात रुजलं आणि लवकरच १८७६-७८च्या दुष्काळाला सामोरं गेलं. सरकारी कामावरच्या पुरुषाची मजुरी तेव्हा दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा इतकी खाली आणली होती. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. अशा वेळी मूठभर ज्वारी कुणी दिली, हे घराघरात पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणल्या. त्यांचं मुक्तिसदन पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला उभं राहिलं.

तरी आपल्याकडे पाण्याचा पेला ही लहान गोष्ट कधीच नव्हती. कुणी कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, यावर माणसाची पायरी ठरत होती. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या तळ्याचं पाणी हातात घ्यायला १९२७ साल उजाडावं लागलं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या वर्षांत सोवळं सोडताना त्यांच्या मनात काय काय झालं, ते 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी स्वतःच सांगितलं आहे. आणि हेही कबूल करायला हवं, की बाप्तिस्म्यानंतरसुद्धा जात पुष्कळ मंडळ्यांमध्ये मागल्या दाराने आलीच.

म्हणून आजीचा पेला मला साधा वाटत नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खोदवलेल्या या गावात पाणी देण्याचं पुण्य सगळेच जाणतात. त्याला कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही. ख्रिस्ती घरात त्याला वचनाचा आधार मिळाला, आणि आजीने ते वचन भांडं न बदलता पाळलं.

सोलापुरात आजही नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी आमच्याकडे आधी दाराजवळचा माठ भरतात, मग पिंप.