कट्टा आणि निरोप: बॅचचा ग्रुप वेगळा, ब्रॉडकास्ट लिस्ट वेगळी

१९७५च्या आसपास पदवी घेऊन बाहेर पडलेली मंडळी आता सत्तरीच्या पुढे आहेत. जवळपास प्रत्येक बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. "ग्रुपवर टाकलं होतं की!" म्हणणारा एक आणि "मला कुणी कळवलंच नाही" म्हणणारा दुसरा, दोघंही खरंच बोलत असतात. ग्रुपवर टाकणं म्हणजे कट्ट्यावर बोलणं. त्या वेळी जे कट्ट्यावर होते, त्यांनी ऐकलं. कळवणं हे वेगळं काम आहे आणि त्यासाठी त्याच ॲपमध्ये ब्रॉडकास्ट लिस्ट नावाची वेगळी सोय आहे. दोन्हींत एक मेसेज अनेकांना जातो, म्हणून दोन्ही एकच वाटतात.

ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. सगळे सगळ्यांचं वाचतात, सगळे लिहितात. गप्पा, जुने फोटो, वाढदिवस यांसाठी यासारखी जागा नाही. पण सकाळी सातला टाकलेली बातमी नऊपर्यंत सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. शिवाय बऱ्याच जणांनी, किंवा त्यांच्या मुलांनी, ग्रुपचा आवाज कायमचा बंद करून ठेवलेला असतो. महत्त्वाचा मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस पिन करून ठेवता येतो, तो जरूर करावा. मात्र पिन केलेलं दिसतं ते ग्रुप उघडणाऱ्यालाच.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण घालता येतात. मेसेज प्रत्येकाच्या खासगी चॅटमध्ये जातो, तुम्ही एकट्याला लिहिल्यासारखा. फोन वाजतो. यादीत आणखी कोण आहे हे घेणाऱ्याला दिसत नाही आणि उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. आजारपणाची बातमी देताना हा खासगीपणा फार मोलाचा असतो.

याची मेख एकच, आणि नव्वद टक्के यादी तिथेच फसते असं म्हटलं तरी चालेल: घेणाऱ्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नसेल, तर ब्रॉडकास्ट त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि तसं कुणी तुम्हाला सांगतही नाही. म्हणून आधी प्रत्येकाला फोन करून नंबर सेव्ह करायला सांगा. जमत नसेल तर घरातल्या मुला-नातवंडांकडून करून घ्या. मग अँड्रॉइड फोनवर वरच्या तीन टिंबांवर जाऊन नवीन ब्रॉडकास्ट निवडा, नावांवर टिचकी मारा आणि पहिला मेसेज साधा ठेवा: "मिळालं का? फक्त 'हो' लिहा." दोन दिवसांनी त्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि माहिती उघडा. कुणाकुणाला पोहोचला ते तिथे दिसतं. ज्यांची नावं त्यात नाहीत, त्यांना पुन्हा फोन. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

निधनाच्या बातमीला मात्र या दोन्हींपैकी एकही पुरत नाही. आपल्याकडे अंत्यसंस्कार बहुधा काही तासांत होतात. पुण्यात सकाळी गेलेल्या माणसाला दुपारी वैकुंठ स्मशानभूमीत नेतात, आणि मेसेज संध्याकाळी वाचला जातो. म्हणून गावातल्यांसाठी फोनसाखळी हवी. साठ जणांची बॅच असेल तर पाच जणांनी प्रत्येकी अकरा फोन वाटून घ्यायचे आणि कोणी कुणाला करायचा हे आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवायचं. फोन सुटले की ब्रॉडकास्ट, आणि ग्रुपवर सर्वांत शेवटी.

बातमी घरच्यांकडून खात्री करून घेतल्याशिवाय कुठेच पाठवू नका. "ऐकलं की..." अशी सुरुवात असलेली बातमी चुकीची निघाली तर ती मागे घेता येत नाही. मजकुरात कॉलेजातलं नाव आधी लिहा. वर्गातल्या मुलींची आडनावं लग्नानंतर बदलली, आणि सासरच्या नावाने बातमी आली तर निम्म्या बॅचला कळत नाही की ही आपल्या वर्गातली कोण. शाखा, गाव, अंत्यसंस्काराची जागा आणि वेळ, घरच्यांपैकी कुणाशी आणि किती वाजल्यानंतर बोलता येईल, एवढं पुरे.

ग्रुपबद्दल एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. गेलेल्या माणसाचा फोन घरात चालूच असतो. त्याची पत्नी किंवा मुलगा ग्रुपवरचा प्रत्येक शब्द वाचत असतो. श्रद्धांजलीच्या दोन ओळींच्या मध्ये आलेला विनोदही तिथे वाचला जातो. अशा वेळी ॲडमिनने सेटिंगमध्ये जाऊन दोन-तीन दिवस फक्त ॲडमिननेच लिहायचं असं ठरवावं, आठवणी ॲडमिनकडे पाठवायला सांगाव्यात आणि त्या एकेक करून टाकाव्यात. तो नंबर ग्रुपमधून लगेच काढू नये. घरचे सांगतील तेव्हा काढावा.

मेळाव्याच्या वेळी ग्रुप आणि ब्रॉडकास्ट यांची कामं अदलाबदल झाली की हजेरी घटते. चर्चा ग्रुपवर करा. मतचाचणीत बारा पर्याय देता येतात, पण तीन तारखांपुढे जाऊ नका. मत देणारे नेहमीचेच असतात हे धरून चाला. ठरलेली तारीख मात्र ब्रॉडकास्टने पाठवा, आणि "येणार", "नाही", "नक्की नाही" यांपैकी एकच उत्तर मागा. ग्रुपवर मागितलेल्या उत्तरांची मोजदाद होत नाही, कारण मध्ये अंगठे आणि हात जोडलेली चित्रं येत राहतात.

तारीख किमान ७५ दिवस आधी पक्की हवी. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे. खालच्या बर्थसाठी ज्येष्ठांच्या कोट्यात पुरुषाचं वय ६० आणि स्त्रीचं ४५ लागतं, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन प्रवासी असावे लागतात. सहा मित्रांचं एकत्र तिकीट काढलं की हा कोटा हातचा जातो आणि गुडघे दुखणारा वरच्या बर्थवर अडकतो. महाराष्ट्रात एसटीने येणाऱ्यांपैकी ७५ पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं भाडं. हे त्याच मेसेजात लिहा. "एवढ्या लांब कशाला" म्हणणाऱ्यांचं मन त्यावर वळतं. जागा तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेली, कमोड आणि पायऱ्यांना कठडा असलेली. छातीवरच्या बिल्ल्यावर कॉलेजातलं नाव मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं.

ग्रुप असो की ब्रॉडकास्ट, दोन्हींच्या मुळाशी एक वही लागते. कॉलेजातलं नाव, आताचं नाव, गाव, दोन नंबर. दुसरा नंबर जोडीदाराचा किंवा मुलाचा. आणखी एक रकाना फार उपयोगाचा: "ऐकू कमी येतं, लिहून कळवा" किंवा "दिसत नाही, फोन करा". ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना ५० पैशांचं पोस्टकार्ड अजूनही पोहोचतं. मुलांकडे सहा-सहा महिने परदेशी राहणाऱ्यांचं सिम रिचार्जअभावी बंद पडतं आणि पुढे तो नंबर भलत्याच माणसाला मिळतो. म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळी आणि गुढीपाडव्याला, यादीतल्या प्रत्येकाला प्रत्यक्ष फोन करावा.

ग्रुपला दोन-तीन ॲडमिन सहज असतात, पण ब्रॉडकास्ट लिस्ट एकाच माणसाच्या फोनमध्ये राहते, आणि तो माणूसही त्याच वयाचा असतो. तो रुग्णालयात गेला की यादी गेली. तेव्हा दोघांनी एकसारखी लिस्ट करावी, सगळ्यांना दोघांचेही नंबर सेव्ह करायला लावावेत आणि वहीची एक प्रत दोघांच्याही घरी, मुलांना माहीत असलेल्या जागी ठेवावी.